भरून पाठवलेले कुकर

गावातल्या मदत समितीत मी शिरलो तो कंटेनरमुळे. समाजसेवेची मला फार हौस होती अशातला भाग नाही. आयर्लंडमध्ये शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मालाच्या आवक-जावकीचं नियोजन करतो. आठवड्यातले दोन दिवस ट्रलीहून, म्हणजे आमच्या गावाहून, गाडीने तिथे जातो, बाकीचे दिवस घरून काम. बायको इथेच रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. गावात लोकरीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंची आणि तिची ओळख. त्या बाई समितीच्या चिटणीस. त्यांनी एकदा बायकोला विचारलं, "तुझ्या नवऱ्याला कंटेनर भरता येतो का?" बायकोने मला न विचारताच हो म्हणून टाकलं.

समिती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा देशात वर्षाला एक कंटेनर पाठवायची. या गावची एक ख्रिस्ती जोगीण पूर्वी तिथल्या शाळेत शिकवायला होती, तेव्हापासूनची ही प्रथा. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून शिकलेलं, त्यामुळे सगळे अजूनही त्यांना मास्तरच म्हणत. माणूस गोड होता. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. कुठल्याही अडचणीवर त्यांचं उत्तर एकच, "इट्स ग्रँड," म्हणजे सगळं छान चाललंय.

मी पहिला कंटेनर भरला तेव्हाच एक गोष्ट कळली. लोक देतात ते त्यांना नको असलेलं. हे मी रागाने म्हणत नाही, मोजून म्हणतो. चर्चच्या हॉलमध्ये आलेल्या मालाचं मी वजन केलं होतं. सगळ्यात जड ढीग हिवाळी कोटांचा होता, त्याखालोखाल ज्ञानकोशांचा. त्यात एक लग्नाचा पांढरा झगा होता, बर्फावर घसरायचे बूट होते, आणि एक विजेवर चालणारी मालिश-खुर्ची, जी इथेसुद्धा चालत नव्हती. मी मास्तरांना म्हटलं, "विषुववृत्ताजवळ कोट कशाला?" ते म्हणाले, "पहाटे गारवा असतो रे तिथे."

आता त्या नर्सबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही हकिगत खरं तर त्यांची आहे. आमचा माल ज्या गावात जायचा तिथे एक छोटं आरोग्य केंद्र होतं आणि त्याच्या प्रमुख त्या होत्या. हाताखाली दोन सुईणी, तीन खोल्या, एक विहीर, दिव्यांपुरती सौर वीज. मी समितीत आल्यावर माझा फोन नंबर त्यांना दिला गेला, आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवू लागल्या. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी धान्य कांडतंय, आणि त्यात त्यांचं सावकाश, स्पष्ट इंग्रजी. मला त्या "मिस्टर स्टोअर्स", म्हणजे भांडारवाले, म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी त्यांचा एक निरोप आला. त्यांच्या सरकारने नियम केला होता: ज्या केंद्रात हत्यारं निर्जंतुक करायची स्वतःची सोय नाही, तिथली बाळंतपणाची खोली बंद. त्यांच्याकडचा जुन्या निर्जंतुकीकरण यंत्राचा डबा फुटला होता. नर्सबाई कात्र्या आणि चिमटे पातेल्यात उकळत होत्या. उकळणं पुरेसं नाही, वाफ दाबाखाली हवी. जिल्ह्याचे तपासनीस पावसाळ्याच्या आधी येणार होते. तोवर दाबाचं यंत्र आलं तर खोली राहील. नाही आलं तर बायकांना बाळंतपणासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागेल, आणि पावसात तो रस्ता महिनोन्‌महिने बंद असतो.

"मिस्टर स्टोअर्स," त्यांनी शेवटी म्हटलं होतं, "राजधानीत मिळतं. पण माझ्याकडे पैसे नाहीत. तुम्ही पैसे पाठवलेत तर मी माणूस पाठवून आणवते. पावती पाठवीन."

हा निरोप मी पुढच्या बैठकीत सगळ्यांना ऐकवला. मग मास्तर म्हणाले, "आपण पैसे पाठवत नाही."

"का?"

"समितीची पद्धत आहे ती. लोकांना वस्तू दिसायला हवी. मी हे दिलं, ते तिकडे गेलं. पैसे म्हटलं की शंका येतात."

"कुणाला शंका येतात?"

"लोकांना," ते म्हणाले, आणि लोकरवाल्या बाईंनी चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली. मी एकटाच बोलत राहिलो की पैशाने आठवड्यात होणारं काम मालाने व्हायला चार महिने लागतात. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आयर्लंडमध्ये तुमचं म्हणणं कुणी खोडून काढत नाही. फक्त विषय बदलतात.

त्या दिवशी विषय बदलला तो खाटांवर. शेजारच्या परगण्यातला एक खाजगी वृद्धाश्रम बंद होत होता. मालकाने त्यांच्या विजेवर वर-खाली होणाऱ्या खाटा समितीला देऊ केल्या होत्या. सव्वीस. मास्तरांचा चेहरा उजळला. एकेक खाट शंभर किलोच्या आसपास. बटण दाबलं की डोकं वर, दुसरं दाबलं की पाय वर. मी म्हटलं, "तिथे दिव्यांपुरती वीज आहे." मास्तर म्हणाले, "खाट ती खाट. वीज नसली तरी झोपता येतं." आणि ते खरं होतं.

मग पैसे नाही तर वस्तू, म्हणून मी वस्तू शोधायला लागलो. नवीन वैद्यकीय यंत्र घ्यायला समिती तयार होईना. एका रविवारी घरी आमटी-भात चालला होता, कुकरची तिसरी शिट्टी झाली, आणि बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, हेच तर आहे."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मोठा प्रेशर कुकर आणि चुलीवर ठेवायचं निर्जंतुकीकरण यंत्र यांत फार फरक नाही. पाणी, वाफ, दाब, वेळ. तिने महाराष्ट्रात खेड्यातल्या केंद्रात नोकरी केली होती तेव्हा हेच वापरलं होतं. फक्त कुकर मोठा हवा, आत जाळीची टोपली हवी, रबर आणि व्हॉल्व्ह नवे हवेत. मी नर्सबाईंना विचारलं. त्यांनी जिल्ह्याच्या तपासनिसांना विचारलं. उत्तर आलं, दाब टिकत असेल आणि वाफ तपासायच्या पट्टीची चाचणी दाखवता येत असेल तर चालेल.

आता आयर्लंडमधल्या मराठी माणसांकडे काही असो नसो, स्टीलची भांडी असतात. मी इथल्या मराठी ग्रुपवर निरोप टाकला. तीन मोठे कुकर मिळाले. सगळ्यात मोठा डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या एका जोडप्याने आणून दिला. तो डब्लिनकडच्या मराठी मंडळाचा, गणपतीच्या प्रसादाच्या भाताचा. बाकीचे दोन असेच, कुणाच्या तरी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, वर्षानुवर्षं पडून होते. शिवाय हत्यारं ठेवायला झाकणाचे स्टीलचे डबे आले. इतके आले की शेवटी मला नको म्हणावं लागलं.

रबरं आणि व्हॉल्व्ह आणले सासूबाईंनी. त्या दरवर्षी तीन महिने आमच्याकडे येतात. कराडकडच्या. त्यांना फोनवर माप सांगितलं, त्या स्वतः बाजारात गेल्या, दुकानदाराला तीनदा वस्तू बदलायला लावली आणि बरोबर तेच घेऊन आल्या. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा म्हणे त्यांनी अधिकाऱ्याला मराठीत खडसावलं, "दवाखान्याचं हाय ते, नीट ठेवा."

मागच्या अंगणात गॅसच्या शेगडीवर आम्ही तिन्ही कुकर तपासले. आत कात्री, चिमटा, कापडात गुंडाळून, त्यावर ती खास पट्टी, जी पुरेशी वाफ लागली की काळी पडते. तीस मिनिटं दाब. तिन्ही वेळा पट्टी काळी पडली. एका कुकरची वाफ झाकणाच्या कडेने जात होती, ते रबर बदलून पुन्हा चाचणी घेतली. बायकोने प्रत्येकाचं पत्रक तयार करून सही केली. मुलीने हे सगळं फोनवर चित्रित केलं आणि मी तिला मराठीत धन्यवाद दिले तेव्हा इथल्या पद्धतीने म्हणाली, "यू'र ग्रँड, बाबा," म्हणजे आभार कसले. त्या दुपारी मी बऱ्याच दिवसांनी खूश होतो. सव्वीस खाटांनी जवळजवळ अर्धा कंटेनर अडवला होता, आणि ज्याच्यावर एक खोली उघडी राहणार होती तो माल अर्धा घनमीटरसुद्धा भरत नव्हता. पण तो होता, आणि चालत होता.

कागद मी केले. तिथल्या सरकारने दवाखान्याच्या मालाला जकात माफ केली होती, त्यासाठी प्रत्येक वस्तू काय आहे, कशासाठी आहे, हे लिहून सही करावी लागते. कुकरांसमोर मी लिहिलं: निर्जंतुकीकरणाची दाबपात्रं, स्वच्छ, रिकामी. रिकामी हा शब्द मी मुद्दाम घातला. बंदरावर बंद भांड्यांत काय आहे हाच पहिला प्रश्न येतो, हे माझ्या नोकरीत मी शिकलो होतो.

माल भरायच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये बांधाबांध चालू होती. मी एका खोक्याचं वजन केलं आणि ते असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त आलं. उघडलं. कुकरमध्ये तांदूळ. डब्यांमध्ये तूरडाळ, साखर, एकात गूळ. वर हळदी-कुंकवाच्या पुड्या, व्यवस्थित रबरबँड लावून.

सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून डब्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होत्या.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? रिकामं भांडं कुनाच्या दारात धाडत्यात व्हय?"

"रिकामंच हवंय ते. तसं लिहिलंय मी."

"तुमी काय बी लिवा. दुसऱ्याच्या घरी भांडं जातंय, त्येबी बाळंतिनीच्या खोलीत. ओटी नगं भरायला?"

"त्यांच्याकडे तांदूळ पिकतो, आई. दोन वेळा भातच खातात ती माणसं."

"पिकंना. म्हून आपण द्यायचं न्हाई व्हय?"

मी सगळं काढलं. एकेक कुकर, एकेक डबा उघडून, पुसून, पुन्हा बंद केला. तांदूळ, डाळ एका पिशवीत भरून गाडीत ठेवली. सासूबाई वर्तमानपत्र गुंडाळायचं थांबवून तशाच बसून राहिल्या. लोकरवाल्या बाईंनी बायकोला विचारलं, "काय झालं? आई रागावली का?" बायकोने इंग्रजीत समजावलं की आमच्यात भांडं कुणाला रिकामं देत नाहीत. त्या बाई लगेच म्हणाल्या, "अगं, आमच्या आईचंही तसंच. पैशाचं पाकीट कुणाला भेट दिलं तर आत एखादं नाणं घालायलाच हवं. रिकामं देणं वाईट." बायकोने ते सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी लोकरवाल्या बाईंचा हात धरला. "बगा, हिला कळतंय," त्या म्हणाल्या.

मला फोन आला, कंटेनरच्या ट्रकवाल्याचा. मी बाहेर गेलो. वीसएक मिनिटं लागली असतील. परत आलो तेव्हा खोकी चिकटपट्टी लावून बंद झाली होती आणि तिघी चहा पीत बसल्या होत्या. पुन्हा वजन करावं असं वाटायला काही कारण नव्हतं. मी नुकतीच स्वतःच्या हाताने ती भांडी पुसली होती.

दुसऱ्या दिवशी खाटा चढल्या. मग कोट. मग आमची खोकी. मास्तरांनी स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार बोलावला होता. त्याने खाटांपाशी फोटो काढला.

समुद्रात माल असतो तेवढे दिवस माणूस निर्धास्त असतो. मी नर्सबाईंना जहाज कुठवर आलंय ते कळवत होतो. त्यांनी तपासनिसांना सांगितलं होतं की यंत्र वाटेत आहे. त्यांनी जाळीच्या टोपल्या ठेवायला भिंतीत फळी ठोकून घेतली. फळीचा फोटो मला पाठवला.

जहाज लागलं. कंटेनर उघडला गेला. आठवड्याने तिथल्या जकात दलालाचा ईमेल आला. खाटा सुटल्या, कोट सुटले, दाबपात्रं अडकली. कारण: आतला माल आणि कागदावरचा माल जुळत नाही. सोबत दोन फोटो. एकात मंडळाचा मोठा कुकर झाकण काढून ठेवलेला, तळाशी मूठभर तांदूळ आणि हळदी-कुंकवाची पुडी. दुसऱ्यात डब्यांची रांग, प्रत्येकात चिमूटभर साखर.

मी ते फोटो बराच वेळ बघितले. अधिकाऱ्याचा मला अजिबात राग आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. समोर कागद म्हणतो, दवाखान्याचं निर्जंतुकीकरण यंत्र, जकात माफ. झाकण काढलं तर आत तांदूळ. जगातला कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की हे भात शिजवायचं भांडं आहे, आणि कुणीतरी घरगुती माल दवाखान्याच्या नावाने फुकट आत आणतोय. खाली माझी सही. शेजारी "रिकामी" हा शब्द.

बायको रुग्णालयातून आली तेव्हा मी तिला फोन दाखवला. तिने फोटो मोठा करून बघितला आणि खुर्चीत बसली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मूठभर तर होता. आई रडायला आली होती. लोकरवाल्या बाई म्हणाल्या, घालू दे थोडा, कुणाचं काय जातं."

"तू डॉक्टर आहेस. निर्जंतुक पात्रात तांदूळ."

"धुऊनच वापरणार होते ना. वापरण्याआधी धुतातच." मग म्हणाली, "मला वाटलं, तुला सांगितलं तर तू पुन्हा सगळं उघडशील."

"उघडलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

आम्ही त्यावर भांडलो नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आईला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. सासूबाई तोवर परत गेल्या होत्या, आणि दर रविवारी फोनवर विचारत होत्या, "भांडी पोचली का?" बायको म्हणे, "वाटेत आहेत." हे अजून चालू आहे.

मी पत्रं लिहिली. खुलासा, चाचणीची पत्रकं, मुलीने काढलेलं चित्रण, बायकोच्या नोंदणीची प्रत. भांडं रिकामं न देण्याची आमची रीत मी एका परक्या जकात अधिकाऱ्याला इंग्रजीत समजावून सांगितली. ते वाक्य लिहिताना मला लाज वाटली. रीतीची नाही, लाज याची वाटली की असल्या गोष्टीचा खुलासा करणारा माणूस खोटा वाटतो, आणि मला ते कळत होतं. दलाल दर वेळी सांगायचा, पुढच्या आठवड्यात निर्णय होईल.

तीन आठवडे गेल्यावर मी थांबलो आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. राजधानीत भारतीय व्यापाऱ्यांची दुकानं आहेत, हे शोधायला दहा मिनिटं लागली. फोन लावला. पलीकडे एक गृहस्थ हिंदीत बोलायला लागले. मोठा कुकर? आहे ना. कितीचा हवा? आमच्या अंगणात तपासला होता त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, नवा, खोक्यात. त्यांनी विचारलं, "भाईसाब, आप आयर्लंड से क्यों भेज रहे थे?" मी म्हटलं, समिती आहे. ते "अच्छा" म्हणाले. त्या अच्छामध्ये उपहास नव्हता, तरी तो मला ऐकू आला. मी माझ्या खिशातून पैसे भरले, मास्तरांना न विचारता. कुकर बसच्या टपावर चढला आणि गुरुवारी नर्सबाईंच्या दारात उतरला.

तपासनीस सोमवारी येऊन गेले होते.

नर्सबाईंचा निरोप छोटा होता. त्यांनी फळी दाखवली, माझे संदेश दाखवले, जहाजाचं नाव सांगितलं. तपासनिसांच्या प्रमुख बाई भल्या होत्या, त्या म्हणाल्या, वाटेत असलेलं यंत्र मी तपासू शकत नाही. खोलीला कुलूप लागलं. दोन्ही सुईणींची त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या रुग्णालयात बदली झाली, कारण तिथे माणसं कमी होती. आता कुकर आहे, पण खोली पुन्हा उघडायची तर सुईणी परत मिळायला हव्यात, आणि तपासणी पावसाळ्यानंतर. "कुकर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "दाब धरतो. मी करून बघितलं."

त्यात तक्रारीचा एकही शब्द नव्हता. माझ्याकडून त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली होती, चार महिन्यांपूर्वी, आणि ती कुठे मिळते हेसुद्धा सांगितलं होतं.

पुढची बैठक वार्षिक होती. चहा, स्कोन, भिंतीवर पडदा. मास्तरांनी आफ्रिकेहून आलेले फोटो दाखवले. खाटा शाळेच्या व्हरांड्यात मांडल्या होत्या, कारण केंद्राच्या दारातून त्या आत जात नव्हत्या. एका खाटेवर चार मुलं बसून हसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बोलायचं आहे म्हणून मी हात वर केला.

मी सांगितलं, सरळ. बाळंतपणाची खोली बंद झाली आहे. आपण पैसे पाठवले असते तर ती उघडी असती. आपण जे पाठवलं त्यातलं जे कामाचं होतं ते आपल्याच चुकीने अडकलं, आणि त्यात माझ्या घरची चूक आहे. लोकरवाल्या बाई खाली बघत होत्या. त्यांना तांदळाचं कळलं होतं, बायकोने सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरले होते, आणि तरीही मला त्यांची दया आली नाही. मी एवढंच मागितलं की समितीने यापुढे वर्षातली अर्धी रक्कम थेट पाठवायचा ठराव करावा.

मास्तर उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"या माणसाने किती मनाला लावून घेतलंय बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "अशी माणसं समितीला मिळाली हे आपलं भाग्य." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "समितीच्या वार्तापत्रात हे घालायला नको. लोक खचतात. पुढच्या वर्षी आपण आणखी काळजी घेऊ."

"ठराव?"

"बघू ना. इट्स ग्रँड."

माझ्यासाठी आभाराचा ठराव मांडला गेला. अनुमोदन लोकरवाल्या बाईंनी दिलं. तो एकमताने मंजूर झाला. मी काही बोलणार तोवर खुर्च्या सरकायला लागल्या होत्या.

बाहेर येऊन गाडीत बसलो. बायको चालवत होती. ती म्हणाली, "सोडशील का समिती?" मी म्हटलं, "नाही. मी सोडली तर पुढच्या वर्षी पन्नास खाटा जातील." ती हसली नाही. खरं म्हणजे मीही ते विनोद म्हणून बोललो नव्हतो.

पावसाळा तिकडे सुरू झाला तेव्हा नर्सबाईंचा आणखी एक निरोप आला. मागे पावसाचा इतका आवाज होता की मी तीनदा ऐकला. बायका आता दिवस भरत आले की आधीच मोटरसायकलवर मागे बसून जिल्ह्याच्या गावी जातात, आणि नात्यात कुणी असेल त्यांच्याकडे राहतात. ज्यांचं तिथे कुणी नाही त्या जात नाहीत. त्या घरीच बाळंत होतात, आणि मग नर्सबाईंना बोलावणं येतं. खोलीला कुलूप असलं तरी त्या जातात. तसं करायची परवानगी नाही. आतापर्यंत सगळं नीट झालं, एक सोडून. त्या एकीबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "गावात विचारतात, खोली का बंद झाली. मी सांगते, सरकारचा नियम बदलला. तुमच्याबद्दल मी काही सांगितलेलं नाही, मिस्टर स्टोअर्स. खाटांमुळे लोकांना तुम्ही आवडता."

मी उत्तर टाईप करायला घेतलं. पहिल्यांदा धन्यवाद लिहिलं, आणि ते खोडलं. मग माफ करा लिहिलं, आणि तेही खोडलं. शेवटी लिहिलं, की त्यांना खरं सांगा. त्यावर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.